शेर, किलो आणि लिटर : माप आणि वजन यांचा मेळ



मागच्या पाठात आपण किलो आणि ग्रॅम लिहायला शिकलो. आज त्याच्या पुढचे पाऊल टाकू. घरात आपण वाटीने, पेल्याने, मापाने घेतो. दुकानात मात्र किलोने घेतो. दूध लिटरने येते. या सर्वांचा मेळ कसा घालायचा, ते आज पाहू.

हे शिकून काय मिळणार, असे कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून आधी आमचीच एक चूक सांगतो.

१. सव्वा पायलीचा शिरा

आम्हाला शाळेत नोकरीला लागून आठ-दहा वर्षे झाली होती. गावात सत्यनारायणाची पूजा ठरली. सारा गाव प्रसादाला येणार होता. सामानाची यादी करायचे काम आमच्याकडे आले. मास्तरला लिहिता येते, तेव्हा यादी मास्तरनेच करायची, हे ठरलेलेच.

आम्ही आमच्या आत्याला विचारले, "आत्या, शिऱ्याला किती काय लागेल ग?"

आत्या म्हणाली, "सव्वा पायलीचा कर. पाच शेर रवा, पाच शेर साखर, पाच शेर तूप. आणि दूध तिप्पट, पंधरा शेर. केळी वेगळी."

तिचा हिशोब बरोबर होता. पायलीचे शेर चार. सव्वा पायलीचे शेर पाच.

आम्ही मनात म्हटले, आता शेर कुठे राहिला आहे? शेर म्हणजे किलोला थोडासा कमी. तेव्हा पाच शेर म्हणजे पाच किलो धरू. आम्ही कागदावर लिहिले : रवा ५ किलो, साखर ५ किलो, तूप ५ किलो, दूध १५ लिटर. खाली सही केली आणि कागद दिला.

शिरा करायला गावातल्या एक जाणत्या बाई होत्या. त्यांनी कागदाप्रमाणे सगळे सामान घेतले. दूध घातले, तर रव्याने ते लगेच पिऊन टाकले. रवा नीट फुललाच नाही. शिरा कचकचीत आणि कोरडा झाला. गोडही बेताचाच. प्रसाद म्हणून लोकांनी खाल्ला. पण त्या बाईंना चार जण बोलले. "एवढी वर्षं करतेस, आणि आज काय झालं?" असे म्हणाले.

त्या बाई खाली मान घालून बसल्या. आम्हीही गप्प बसलो. चूक कुठे झाली, ते आम्हाला तेव्हा कळले नव्हते.

२. चूक कुठे होती ?

दुसऱ्या दिवशी आत्याने आपले पितळी माप बाहेर काढले. नाशिकच्या भांडी बाजारातून फार वर्षांपूर्वी आणलेले ते माप. त्यात पाणी ओतून पाहिले. जवळजवळ एक लिटर पाणी मावले. मग त्यात रवा भरला, काठीने सपाट केला, आणि तो रवा दुकानात नेऊन तोलला. काट्यावर भरले फक्त ७०० ग्रॅम!

आत्या म्हणाली, "मी माप सांगितलं, तू वजन लिहिलंस."

एका वाक्यात तिने आमची चूक दाखवली. तिचे पाच शेर म्हणजे पाच मापे. पाच मापे रवा म्हणजे साडेतीन किलो. आम्ही लिहिला होता पाच किलो. पाच किलो रवा म्हणजे सात मापे आणि वर थोडा. सात मापे रव्याला तिप्पट दूध, म्हणजे एकवीस मापे दूध हवे. आम्ही आणले पंधरा. सहा मापे दूध कमी! साखर आणि तूपही सात मापे हवे होते. तेही कमीच पडले.

आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो आणि चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, "गुरुजी, रवा जास्त आहे हे मला हाताला कळलं होतं. पण कागदावर लिहिलेलं होतं. मला वाचता कुठं येतं? म्हणून बोलले नाही."

ते शब्द आम्ही अजून विसरलो नाही. हाताला जे कळले होते, ते खरे होते. कागदावर होते, ते चूक होते. पण कागदापुढे हात गप्प बसला. असे तुमच्या बाबतीत होऊ नये, म्हणून हा पाठ.

३. जुनी मापे, जुनी वजने

पूर्वी शेर दोन होते. एक वजनाचा शेर आणि एक मापाचा शेर.

वजनाचा शेर तागडीने तोलत. तो ८० तोळ्यांचा. आजच्या हिशोबाने सुमारे ९३३ ग्रॅम. असे ४० शेर म्हणजे एक मण. तो मण आजच्या हिशोबाने सुमारे ३७ किलो ३२४ ग्रॅम होतो.

मापाचा शेर भांड्याने मोजत. या मापाला कैली माप म्हणत. त्याचे कोष्टक असे :

४ निळवी = १ चिपटे
२ चिपटी = १ मापटे
२ मापटी = १ शेर
४ शेर = १ पायली

मापाचा शेर सगळीकडे सारखा नव्हता. एका गावची पायली मोठी, तर दुसऱ्या गावची लहान. कुठे शीग लावून माप देत, कुठे काठीने सपाट करून देत. शीग म्हणजे भांड्याच्या काठावर उभा राहणारा ढीग. घेताना शीग लावायची आणि देताना सपाट करायचे, अशी लबाडी करणारेही होते. उसने दिलेले धान्य परत येताना कमी आले, यावरून घराघरांत भांडणे होत.

म्हणून सरकारने साऱ्या देशाला एकच वजन-माप लावले. १९५६ साली त्याचा कायदा झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने लागू व्हायला सुरुवात झाली. १ एप्रिल १९६२ पासून व्यापारात किलो-ग्रॅमची वजने सक्तीची झाली. त्याआधी १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले होते. १०० पैशांचा एक रुपया. तसेच हे : १,००० ग्रॅमचा एक किलो, १,००० मिलीलिटरचा एक लिटर, १०० किलोचा एक क्विंटल. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव बोलतात, तो या क्विंटलचा.

दुकानातून शेर गेला. पण घरातून माप गेले नाही. पेठ-सुरगाण्याकडे नागली-वरई असो, इगतपुरीकडे तांदूळ असो, नाही तर निफाड-येवल्याकडे गहू-बाजरी असो, जुन्या माणसांच्या तोंडी अजून पायली आणि चिपटे आहे. त्यात वाईट काही नाही. फक्त माप आणि वजन यांची गल्लत करू नये.

४. माप म्हणजे जागा, वजन म्हणजे भार

माप काय सांगते? वस्तूने किती जागा घेतली, ते सांगते. लिटर हे माप आहे.

वजन काय सांगते? वस्तूचा भार किती, ते सांगते. किलो हे वजन आहे.

एक लिटर पाणी तोलले, तर ते एक किलो भरते. यामुळेच आपली फसगत होते. आपल्याला वाटते, लिटर आणि किलो एकच. पण हे फक्त पाण्याचे झाले. त्याच भांड्यात कुरमुरे भरून तोला. शंभर ग्रॅमच्या आसपासच भरतील. त्याच भांड्यात बारीक मीठ भरून तोला. ते एक किलोच्या वर जाईल. भांडे तेच, जागा तीच. पण भार निरनिराळा.

असे का होते? कुरमुऱ्याच्या पोटात हवा असते. दोन कुरमुऱ्यांच्या मध्येही हवा असते. मिठाचा दाणा भरीव असतो, आणि बारीक दाणे एकमेकांना चिकटून बसतात. पिठाचेही पाहा. नुकतेच चाळलेले पीठ हलके भरते. तेच भांडे दोनदा आपटले की पीठ खाली बसते, आणि आणखी पीठ मावते. म्हणून पीठ मापाने घ्याल, तर नेहमी एकाच पद्धतीने घ्या.

५. एक उपयोगी तक्ता

खाली काही जिनसांची वजने दिली आहेत. पहिला आकडा एक लिटरच्या सपाट मापाचा. दुसरा आकडा २०० मिलीच्या सपाट वाटीचा. आकडे अंदाजाचे आहेत. धान्याच्या जातीप्रमाणे आणि ओलाव्याप्रमाणे थोडा फरक पडतो.

पाणी : १,००० ग्रॅम, वाटीला २०० ग्रॅम
दूध : १,०३० ग्रॅम, वाटीला २०६ ग्रॅम
खाण्याचे तेल : ९१० ग्रॅम, वाटीला १८२ ग्रॅम
पातळ तूप : ९१० ग्रॅम, वाटीला १८२ ग्रॅम
बारीक मीठ : १,२०० ग्रॅम, वाटीला २४० ग्रॅम
साखर : ८५० ग्रॅम, वाटीला १७० ग्रॅम
तांदूळ : ८०० ग्रॅम, वाटीला १६० ग्रॅम
तूरडाळ : ८०० ग्रॅम; वाटीला १६० ग्रॅम
गहू : ७८० ग्रॅम, वाटीला १५६ ग्रॅम
रवा : ७०० ग्रॅम, वाटीला १४० ग्रॅम
गव्हाचे पीठ : ५५० ग्रॅम, वाटीला ११० ग्रॅम

आता दोन नियम लक्षात ठेवा.

पहिला नियम : मापावरून वजन काढायचे असेल, तर गुणा. ३ मापे तांदूळ आहेत. एका मापाचे ८०० ग्रॅम. ३ गुणिले ८०० म्हणजे २,४००. म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम.

दुसरा नियम : वजनावरून माप काढायचे असेल, तर भागा. ४ किलो तांदूळ आहेत. ४,००० भागिले ८०० म्हणजे ५. म्हणजे ५ मापे.

६. आपली वाटी आपणच तोलावी

तुमच्या घरची वाटी २०० मिलीचीच असेल, असे नाही. तेव्हा आपली वाटी एकदा तोलून ठेवावी. ही रीत सोपी आहे.

(अ) वाटी घेऊन दुकानात जा. रिकामी वाटी काट्यावर ठेवा. समजा, ९० ग्रॅम भरली.

(आ) तीच वाटी पाण्याने काठोकाठ भरून तोला. समजा, २९० ग्रॅम भरली. २९० मधून ९० वजा करा. उरले २००. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिली. म्हणजे तुमची वाटी २०० मिलीची.

(इ) वाटी पुसून कोरडी करा. तांदूळ भरून सपाट करा आणि तोला. समजा, २५० ग्रॅम भरली. ९० वजा करा. उरले १६०. म्हणजे तुमच्या वाटीत तुमचा तांदूळ १६० ग्रॅम बसतो.

असेच डाळ, साखर, रवा, पीठ एकेकदा तोला. आकडे वहीत लिहा आणि ते पान स्वयंपाकघरात भिंतीला लावा. आमच्या तक्त्यापेक्षा तुमचा तक्ता तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. कारण तो तुमच्या वाटीचा आहे.

७. याचा उपयोग कुठे कुठे ?

स्वस्त धान्य दुकानात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो मिळते. समजा, घरात ५ माणसे आहेत आणि तुम्ही प्राधान्य कुटुंबात आहात. ५ पाचे २५ किलो. ते सगळे तांदूळच असतील, तर आपल्या लिटरच्या मापाने ती सुमारे ३१ मापे व्हावीत. एखादे माप इकडे तिकडे झाले, तर तो मापाचा फरक. पण २६-२७ मापेच भरली, तर शंका घ्यायला जागा आहे. मात्र लगेच भांडायला जाऊ नका. माप हा अंदाज आहे, वजन हा पुरावा आहे. धान्य दुसऱ्या काट्यावर तोला, पावतीवरचा आकडा वाचा, आणि मग बोला.

तेलाच्या दुकानात. एक लिटर तेल म्हणजे एक किलो तेल नव्हे. ते सुमारे ९१० ग्रॅम. मोठ्या डब्यांचे तसेच. एक डबा १५ किलोचा असतो, एक १५ लिटरचा. लांबून दोन्ही सारखे दिसतात. पण १५ लिटरच्या डब्यात तेल सुमारे १३ किलो ६५० ग्रॅमच असते. समजा, लिटरची पिशवी १४० रुपयांना आहे आणि सुटे तेल किलोला १५० रुपये आहे. स्वस्त कोणते? पिशवी स्वस्त दिसते. पण १४० ला ०.९१ ने भागा. किलोला सुमारे १५४ रुपये पडले. म्हणजे सुटे तेल दिसायला महाग, पण भावाला स्वस्त.

तेलाची आणखी एक गंमत आहे. तेल तापले की फुगते. सोयाबीनचे एक लिटर तेल २१ अंश उष्णतेला सुमारे ९१९ ग्रॅम भरते. ६० अंशाला तेच एक लिटर सुमारे ८९३ ग्रॅम भरते. पिशवीवर ६० अंशाचा हिशोब धरला, तर लिटरमागे सुमारे २६ ग्रॅम तेल कमी मिळते. म्हणून सरकारने २०२२ साली तेल कंपन्यांना सांगितले, की अंश न लिहिता माप लिहा आणि शेजारी वजनही लिहा. तेव्हा पिशवी घेताना ग्रॅमचा आकडा शोधून वाचा. तो आकडाच खरा बोलतो.

दूध घालताना. दूध पाण्यापेक्षा थोडे जड असते. १० लिटर दूध काट्यावर १० किलो ३०० ग्रॅमच्या आसपास भरते. काट्यावर बरोबर १० किलो भरले, तर ते सुमारे ९ लिटर ७०० मिली. डेअरीच्या पावतीवर किलो लिहिले आहे की लिटर, ते पाहा. भाव कशाचा आहे, तेही पाहा.

शाळेच्या खिचडीत. केंद्र सरकारच्या प्रमाणाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५ ग्रॅम तेल धरतात. ४० मुले असली, तर तांदूळ ४ किलो, म्हणजे ५ मापे. डाळ ८०० ग्रॅम, म्हणजे १ माप. तेल २०० ग्रॅम, म्हणजे वाटीहून थोडे जास्त. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना एवढे माहीत असले, की मुलांच्या ताटात कमी पडत नाही आणि कोणी हिशोब विचारला तर उत्तरही देता येते.

८. काटा खरा आहे का ?

हिशोब बरोबर असून काटा खोटा असेल, तर काय उपयोग? दुकानातील काटे, वजने आणि मापे यांची सरकारी तपासणी होऊन त्यांच्यावर शिक्का पडावा लागतो. वजने दोन वर्षांतून एकदा तपासून घ्यावी लागतात. विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे काटे दर वर्षी तपासावे लागतात. हा नियम २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्याखाली आहे. शिक्का पाहायला मागणे हा तुमचा हक्क आहे. दगडाने, विटेने किंवा नटबोल्टने तोलून देत असतील, तर घेऊ नका. तोलण्यापूर्वी काट्यावर शून्य आहे ना, ते पाहा. तक्रार करायची असेल, तर वैध मापनशास्त्र कार्यालयात करता येते. १९१५ या ग्राहक मदतीच्या क्रमांकावर फोनही करता येतो.

९. शेवटचे सांगणे

त्या पूजेनंतर आम्ही एक सवय लावून घेतली. कोणी "पाच" म्हटले, की आम्ही विचारतो, "पाच काय? मापे की किलो?" एवढा एक प्रश्न आम्ही आत्याला विचारला असता, तर एका बाईला चारचौघांत मान खाली घालावी लागली नसती.

पुढच्या वर्षी शिरा त्याच बाईंनी केला. यादीत लिहिले होते : रवा साडेतीन किलो, साखर सव्वाचार किलो, तूप साडेचार किलो, दूध १५ लिटर. शिरा कसा झाला, ते सांगायला नको. लोकांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

तुम्ही आता वाचायला शिकलात. तेव्हा कागदावरचा आकडा वाचा. पण हाताला जे कळते, तेही सोडू नका. दोन्ही जुळले तर पुढे चला. जुळले नाहीत, तर थांबा आणि विचारा. कागद लिहिणारा मास्तर असला, तरी विचारा.

प्रश्न

१. मापाचा शेर आणि वजनाचा शेर यांत फरक काय?
२. २ मापे साखर म्हणजे किती वजन? (एक माप म्हणजे एक लिटर धरा.)
३. अर्धा किलो रवा २०० मिलीच्या वाटीने किती वाट्या होईल?
४. ६० मुलांच्या खिचडीला तांदूळ किती मापे आणि डाळ किती मापे लागेल?
५. १५ किलोचा आणि १५ लिटरचा तेलाचा डबा एकाच किमतीला मिळत असेल, तर कोणता घ्याल? का?

उत्तरे

१. मापाचा शेर भांड्याने मोजतात. तो जागा सांगतो. वजनाचा शेर तागडीने तोलतात; तो भार सांगतो.
२. १ किलो ७०० ग्रॅम.
३. सुमारे साडेतीन वाट्या.
४. तांदूळ ६ किलो, म्हणजे साडेसात मापे. डाळ १ किलो २०० ग्रॅम, म्हणजे दीड माप.
५. १५ किलोचा. त्यात तेल सुमारे १ किलो ३५० ग्रॅम जास्त असते.

घरी करायचे काम

आपल्या घरची एक वाटी आणि एक माप तोलून आणा. पाच जिनसांचा तक्ता वहीत लिहा. पुढच्या वर्गात सर्वांनी आपापले तक्ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. कोणाची वाटी मोठी आणि कोणाची लहान, ते तेव्हा कळेल.